१९५० ची प्लिमथ कूपे, सोलापूर: चाकांच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४

गाडी १९५० ची प्लिमथ स्पेशल डीलक्स, क्लब कूपे, दोन दारांची. एका नातेवाइकाच्या वाड्यात सत्तावीस वर्षं चादरींच्या गठ्ठ्यांखाली उभी होती. गेल्या वर्षी इंजिन चालू झालं, यंदा ब्रेक झाले, आता चाकं. माझा धंदा जकार्ड मशीन (मागावर नक्षी उठवणारं) दुरुस्तीचा. गाड्यांचं शिक्षण शून्य, त्यामुळे चुका भरपूर सापडतील.

या गाडीचं सोलापूरशी नातं असं, की हिंदुस्थानात प्लिमथ जोडायला सुरुवात केली ती प्रीमिअर ऑटोमोबाईल्सनं, १९४७ पासून कुर्ल्यात, आणि ती कंपनी काढणारे वालचंद हिराचंद जन्मानं सोलापूरचे. अमेरिकेत प्लिमथ हे नावच २००१ मध्ये बंद पडलं. सुटा भाग मागवायला कंपनीचं दार आता नाही.

सुरुवातीलाच एक नियम घातला. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणी आहे, ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नवीन नोंदणीची फी २०,०००, मुदत १० वर्षं. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन मूळचंच हवं. म्हणून त्या तिघांना हात लावायचा नाही आणि बाकी जे बदलेल ते पान्यानं सोडून परत मूळचं बसवता आलं पाहिजे. भाच्याला हे पटलेलं नाही. त्याला सतरा इंची काळी अलॉय (मिश्रधातूची चाकं) पाहिजेत.

आजचं काम: चारही चाकं सोडणं. अर्ध्या तासाचं म्हणून धरलेलं, गेला अख्खा दिवस. उजवीकडची दोन सरळ निघाली. डाव्या पुढच्या चाकाचा पहिला बोल्ट हलेना, मग पान्याला चार फुटी पाइप लावला. कडकन तुटला. गंजला असेल म्हणून दुसऱ्यावर तेल सोडलं, तासभर थांबलो, परत पाइप. तोही तुटला. तेवढ्यात शेजारच्या गॅरेजातले चाचा चहा घेऊन आले. बघून म्हणाले, “बाएं बाजू का उल्टा खुलता, मालूम नै क्या?”

नव्हतं मालूम. क्रायस्लरच्या (प्लिमथ त्यांचीच) त्या काळातल्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. मी पूर्ण ताकद लावून बोल्ट आवळत होतो. बोल्टच्या डोक्यावर ‘एल’ कोरलेलं होतं, ग्रीस पुसल्यावर दिसलं.

२५ ऑगस्ट

तुटलेले दोन तुकडे हबमध्येच. या गाडीला स्टड (हबमधून बाहेर आलेले आटेदार दांडे, ज्यांवर नट बसतो) नाहीत, बोल्ट थेट हबमध्ये जातो. अर्धा इंच, इंचाला २० आटे. हब उचलून लेथवाल्या अण्णांकडे अक्कलकोट रोडला नेला. ते यंत्रमागाचे भाग घडवतात, चाळीस वर्षं लेथवर. मला वाटलं हे दिवसभराचं काम. अण्णांनी मधोमध पंच मारला, साधं ड्रिल लावलं आणि थोडं आत गेल्यावर तुकडा आपोआप फिरत बाहेर आला. उलट्या आट्याचा बोल्ट घड्याळाच्या दिशेनं सुटतो आणि ड्रिल त्याच दिशेनं फिरतं. पाच मिनिटांत दोन्ही बाहेर. उलट्या आट्याचं हे एवढं एकच सुख.

बाजारात असे बोल्ट नाहीत. सात रस्त्यापासून पार्क चौकापर्यंत सगळी नटबोल्टची दुकानं झाली. एकानं तर मलाच समजावलं की असा बोल्ट बनतच नाही.

१ सप्टेंबर

अण्णांनी साध्या लोखंडी सळईतून दोन बोल्ट वळून दिले. दिसायला मूळच्यापेक्षा देखणे. बसवण्याआधी व्हर्निअरनं लांबी मोजली होती: ३४.० मिमी. टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानंच आवळणारा) ७० फूट-पाउंडवर लावून आवळले, सोडले, परत मोजले: ३४.४. बोल्ट ताणला गेला. हा रस्त्यावर चार-पाच वेळा आवळला तर कुठं तरी तुटणार. आणि मोजायचं सुचलं ते सुद्धा जकार्डच्या तारा मोजायची सवय म्हणून.

मग ईएन-१९ पोलाद आणून दहा बोल्ट वळले, हार्डनिंग दुसरीकडून करून घेतलं. हबचे आटे साफ करायला उलटा टॅप (आटे पाडायचं हत्यार) लागतो, तो मुंबईहून नागदेवी स्ट्रीटवरून मागवला, २,१५० रुपये. साध्या सळईचे ते दोन बोल्ट मी ऐरणीवर ठेचून टाकले. नाहीतर कधी तरी कुणी तरी तेच बसवलं असतं.

त्याच दिवशी चाकाचं माप घेतलं, म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास. पाच बोल्टच्या चाकाला समोरासमोर भोकं नसतात, त्यामुळे टेप आडवा धरून मोजलेलं माप चुकतंच. शेजारशेजारच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर घ्या आणि १.७०१ नं गुणा. माझं आलं ६७.२ मिमी, म्हणजे ११४.३. भाचा याआधी ‘जवळपास ११२’ म्हणत स्कोडाची अलॉय बघून आला होता. ५×११२ ला (पाच भोकं, ११२ मिमीचं वर्तुळ) हेच अंतर ६५.८ येतं. दीड मिलिमीटरचाही फरक नाही, पण बोल्ट भोकात तिरका बसतो आणि चाक सैल राहतं.

८ सप्टेंबर

११४.३ कळल्यावर आम्ही दोघं हवेत. इनोव्हाला तेच माप! गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, दुकानं उघडली तशी, जुन्या इनोव्हाची पंधरा इंची चार अलॉय घेतली, १४,००० रुपयांत. हब सोबत न्यायला हवा होता. नेला नाही.

१५ सप्टेंबर

आठवडा असा गेला.

सोमवारी चाक हबवर टेकेचना. इनोव्हाचं मधलं भोक ६०.१ मिमी, आमच्या हबचा गळा सेंटीमीटरभर जाड. अण्णांनी एका चाकाचं भोक बोअर करून मोठं करून दिलं, ६०० रुपये. बुधवारी चाक बसलं, पण फिरेना. आतली कड टाय रॉडच्या (चाक वळवणाऱ्या दांडीच्या) टोकाला टेकत होती.

इथं ऑफसेट समजून घ्यावा लागला. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. मूळ चाक साडेचार इंची, ऑफसेट माझ्या मापानं +१२. इनोव्हाचं सहा इंची, +४५. म्हणजे चाक ३३ मिमी आत सरकलं, वर रुंदी दीड इंचानं वाढली, तिच्या निम्मी १९ मिमी आत. एकूण ५२ मिमी. तिथं टाय रॉड नाही असं कसं होईल?

भाचा म्हणाला, काका, स्पेसर (हब आणि चाक यांच्यामधली जाड चकती) टाकू. ३५ मिमीचा. मी बोल्ट हातानं फिरवून फेरे मोजले. मूळ लोखंडी चाकावर बोल्ट बारा फेरे आत जातो. स्पेसर न टाकताही अलॉयवर चारच, कारण अलॉयचा पाट जाड. ढोबळ हिशेब असा की बोल्टच्या जाडीइतकी तरी पकड हवी: १२.७ मिमी, आणि एका फेऱ्याला १.२७, म्हणजे किमान दहा फेरे. चार फेऱ्यांवर चाक लटकवून होटगी रोडला जायची माझी हिंमत नाही.

तीन अलॉय ८,००० ला गेली. बोअर केलेलं चौथं कोण घेणार? ते कूलरखाली स्टँड म्हणून ठेवलंय. उंची बरोबर आहे.

२२ सप्टेंबर

चाकाआधी टायर ठरवायला हवा होता, हे आता कळलं. मूळ टायर ६.७०-१५, उंची सुमारे ७१० मिमी. इनोव्हाचा २०५/६५ आर १५ भरतो साडेसहाशेच्या आत. गाडी अंगापेक्षा लहान बूट घातल्यासारखी दिसली असती आणि स्पीडोमीटर नऊ-दहा टक्के जास्त दाखवत बसला असता. २१५/७५ आर १५ मात्र ७०३ भरतो. बोलेरोचा टायर. सोलापुरात कुठल्याही दुकानात मिळतो, पंढरपूरच्या वाटेवर रात्री फाटला तरी मिळेल. फक्त साडेचार इंची रिमवर तो बसवायचा नसतो, सहा इंची हवी.

मूळ रिमला नवा रेडिअल ट्यूबलेस घालावा का, असं दोघा-तिघांनी विचारलं. रिम रिव्हेटनं जोडलेली आहे, रिव्हेटमधून हवा जाते. ट्यूब लागतेच.

मार्ग चाचांनी काढला: इनोव्हाचीच, पण लोखंडी चाकं घ्या, वेल्डिंग कापून मधला भाग सोडवा, रिम उलटी फिरवा, परत जोडा. (गॅरेजमध्ये आपण अख्ख्या चाकाला डिस्क म्हणतो. इथं गोंधळ नको म्हणून बाहेरचं कडं ते रिम, मधला भाग ती थाळी.) रिमची खोलगट पन्हाळ मधोमध नसते, बाहेरच्या बाजूला असते. रिम उलटली की पन्हाळ आत जाते आणि थाळीही आत जाऊन बसते. त्यामुळे रिम बाहेर येते. अमेरिकेत पोरं जुन्या गाड्यांना अशी ‘रिव्हर्स’ चाकं करून घ्यायची आणि वर क्रोम चढवायची. चाचांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी जीपला केलेलं होतं.

भंगारातून पाच घेतली, १,२०० ला एक. हब या वेळी पिशवीत होता.

६ ऑक्टोबर

पहिलं चाक. अण्णांनी लेथवर वेल्ड कापलं, थाळीचं भोक मोठं केलं, रिम उलटवली, जोडली. संध्याकाळी गाडीला लावून बघितलं, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरलं, कुठं घासलं नाही. अण्णा, चाचा, मी, भाचा, सगळे खूश. चहा सांगितला. चहा येईपर्यंत भाचा चाकाभोवती फिरून आला आणि म्हणाला, “काका, हवा कुठनं भरायची?”

व्हॉल्व्हचं भोक रिमबरोबर उलटलं होतं. ब्रेकच्या ड्रमसमोर, आत. हवा भरायला दर वेळी चाक उतरवायचं.

जुनं भोक वेल्डनं बुजवून नवं पाडायला गेलो, पण घाईत ते पन्हाळीच्या वळणावर पडलं. तिथं व्हॉल्व्हचं रबर नीट बसत नाही. चाक बाद. अण्णांनी त्याची मजुरी घेतली नाही, मी आग्रह केला तर म्हणाले, “राहू द्या की ओ, चौघांची अक्कल होती त्यात.” आणखी एक चाक आणलं, आता भाव १,५००. आमची गरज भंगारवाल्याच्या लक्षात आली होती.

पुढच्या चाकांना क्रम बदलला: रिम सुटी असतानाच आधी जुनं भोक बुजवायचं, घासायचं, नवं पाडायचं, मग थाळी.

१३ ऑक्टोबर

खंडेनवमी, दसरा. लेथला झेंडूचा हार, काम बंद. मी घरी मागचे ड्रम काढायला बसलो. या गाडीचा मागचा ॲक्सल टोकाला निमुळता आहे, ड्रम त्यावर चिकटलेला असतो, हातोडीनं निघत नाही. मारत बसलात तर बेअरिंग जाईल. बोल्टच्या भोकांत धरणारा पुलर लागतो. बाजारचा तीन पायांचा माझ्या हातातच वाकला, मग अण्णांनी जाड पाटाचा करून दिला, १,३०० मध्ये. ॲक्सलचा नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर ठेवा. माझा ड्रम सुटला तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला आणि तो नटावर आपटून थांबला. नट नसता तर माझ्या गुडघ्यावर थांबला असता.

२० ऑक्टोबर

दोन चाकं जोडली, डायल गेज (चाक फिरताना किती डोलतं ते मोजणारं) लावलं. पहिलं आडवं २.६ मिमी आऊट. आम्ही ठरवलेली मर्यादा १ मिमी. कारण सोपं होतं: वेल्डर एका जागी सुरू करून गोल फिरत गेला, आणि तापलेल्या बाजूनं थाळी ओढली. कापून परत जोडलं. या वेळी आठ ठिकाणी टाके, समोरासमोर, प्रत्येक टाक्यानंतर गेज. मग दोन-दोन इंचाचे तुकडे, परत समोरासमोर, मध्ये थंड होऊ देत. एका चाकाला साडेतीन तास. मर्यादेत आलं: ०.७. बाकीची ०.६ ते ०.९.

वेल्डर कंटाळला. त्याला मी काही बोललो नाही, भज्यांची पुडी ठेवली समोर.

२७ ऑक्टोबर

दोन लहान गोष्टी. एक, आमच्या ड्रमवर एक छोटी खुंटी आहे. स्टड नसल्यामुळे बोल्ट लावेपर्यंत चाक जागेवर धरायला ती दिलेली. नव्या थाळीला तिच्यासाठी भोक नाही, म्हणून चाक तिच्यावर टेकून किंचित तिरकं बसत होतं. हे चटकन दिसत नाही. मी तर बोल्ट आवळूनही टाकले होते. सुटसुटीत उपाय म्हणजे खुंटी छाटणं, पण ड्रम मूळचा. थाळीला भोक पाडलं.

दुसरी, वेल्ड तपासणी. लाल डाय मारायचा, पुसायचा, पांढरा डेव्हलपर मारायचा. चीर असेल तर लाल रेघ उमटते. तीन डब्यांचा संच १,८००. एका चाकावर बोटभर रेघ उमटली. घासून परत भरलं. हा खर्च टाळून वेल्ड केलेल्या चाकावर घरच्यांना बसवणारा माणूस मला समजत नाही.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली, रंग झाला (सँडब्लास्टसह चाकाला ७००), टायर आले, ६,३०० ला एक. टायरच्या दुकानात पोरानं नेहमीसारखी चाकाची बाहेरची बाजू वर ठेवून टायर चढवायला घेतला. चढेना. पट्टी घालून ओढला, टायरची कड सोलली. मग माझी ट्यूब पेटली: पन्हाळ आता आतल्या बाजूला आहे, टायर तिकडूनच चढणार. चाक पालथं केलं, मिनिटात चढला. रिव्हर्स रिम असेल तर दुकानात आधी सांगा, आणि चाकाच्या आत रंगानं लिहून ठेवा, कारण पंचरच्या वेळी तुम्ही सोबत असालच असं नाही. सोललेल्या टायरला हवा टिकतेय, पण तो मागे टाकलाय.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. मत देऊन पहिली फेरी: जुळे सोलापूर ते विजापूर रोड. फेरीआधी अर्धा तास बॅटरीनं खाल्ला. गाडी सहा व्होल्टची आणि पॉझिटिव्ह बाजू अर्थला. चार्जिंगहून आणलेली बॅटरी भाच्यानं सवयीनं नेहमीसारखी जोडली. अँपमीटरचा काटा उलटा झोपला. लगेच काढली म्हणून वाचलो.

रिकाम्या रस्त्यावर गाडी सरळ चालली, साठला थरथर नाही. मग मागच्या सीटवर अण्णा आणि चाचा बसले आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला डाव्या मडगार्डखाली खर्रर्र. चाक बाहेरच्या बाजूलाही १९ मिमी वाढलंय, त्याचा हा परिणाम. मडगार्डची कड आत ठोकून वळवायची सूचना तीन जणांनी केली. नाही. ती बॉडी आहे.

८ डिसेंबर

दोष चाकाचा अर्धाच होता. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) चौऱ्याहत्तर वर्षांत सपाट झालेत, डावा उजव्यापेक्षा २८ मिमी खाली. ट्रकच्या पाटेवाल्याकडे सोडले, त्यानं कमान देऊन नवे बुश टाकले, ४,८००. पहिल्यांदा त्यानं ट्रकच्या हिशेबानं कमान दिली आणि गाडी मागून बोकडासारखी उभी राहिली. परत सोडून उतरवली. आता चार माणसं आणि डिकीत दोन गठ्ठे घेऊन घासत नाही.

२९ डिसेंबर

पॉवर स्टिअरिंग नाही, टायर रुंद झाला. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून येतात. हवा ३२ ठेवली, किंगपिनला (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) ग्रीस भरलं, थोडा फरक पडला. हळू चालत्या गाडीत फिरवायचं, उभ्या गाडीत नाही, एवढं अंगवळणी पाडून घेतलंय.

व्हीलकॅप बसेनात. मूळ चाकावर त्यांना धरायला उंचवटे आहेत, इनोव्हाच्या थाळीवर नाहीत. प्रत्येक थाळीवर तीन छोट्या स्प्रिंगपट्ट्या स्क्रूनं लावल्या. चादरीच्या मागातलं पोलाद, फुकट. क्रीम रंगाची चाकं, मधे जुने प्लिमथचे कॅप. भाचा दहा मिनिटं बघत उभा राहिला आणि काळ्या अलॉयबद्दल काही बोलला नाही.

१२ जानेवारी २०२५

गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) गर्दी सुरू झाली, गावात गाडी घालण्यात अर्थ नाही. हिशेब लिहून काढला. अलॉयचा तोटा बोअरिंगसह ६,६००. लोखंडी चाकं सहा, ७,५००. कापणं-जोडणं ७,५००. डाय १,८००. टायर २५,२००, व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंग १,२००. बोल्ट टॅपसह ५,५५०. पाटे ४,८००. रंग ३,५००. पुलर १,३००. एकूण ६४,९५०. मी वीस हजार धरले होते. वेळ धरला होता तीन रविवार.

ही चाकं मी सत्तरच्या वर नेत नाही, आणि दर पाचशे किलोमीटरला बोल्ट व वेल्ड बघतो. मूळची पाच चाकं माळ्यावर ठेवणार होतो, चारच गेली. पाचव्या नव्या चाकाला टायर घेतलेला नाही, कारण २१५ चा टायर डिकीतल्या स्पेअरच्या जागेत मावत नाही. तिथं अजून जुनं ६.७०-१५ च आहे, घरी पोचण्यापुरतं. डाव्या बाजूला नव्या बोल्टवर लावून बघितलं. बारा फेरे.